तिसरा, पाचवा आणि रिव्हर्स: एका ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं निदान

गाडी पेट्रोल, सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टरवाला (इंजिनचा जोर ऑईलमधून पुढे देणारा) ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मीटरवर १ लाख १० हजारांच्या आसपास किलोमीटर. मालकीणबाई हडपसरला राहतात आणि सासवडला कॉलेजात शिकवतात, त्यामुळे दिवे घाट रोजचा. आमच्याकडे येईपर्यंत गाडी दोन वर्कशॉप फिरून आली होती. पहिल्या ठिकाणी झटके बसतात म्हणून इंजिनची फाउंडेशनं, म्हणजे इंजिन ज्यांवर बसतं ते रबरी आधार, बदलली. त्यातलं एक खरंच फाटलेलं होतं, पण झटके काही गेले नाहीत. दुसरं वर्कशॉप मोठं. तिथे स्कॅनर लावला, पी ०७३३ हा कोड निघाला आणि 'गिअरबॉक्स ओव्हरहॉल करावा लागेल' असं सांगून एक अंदाजपत्रक हातात दिलं. तो आकडा गाडीच्या बाजारभावाच्या जवळपास निम्मा होता.

पी ०७३३ चा अर्थ एवढाच की तिसऱ्या गिअरचं गुणोत्तर अपेक्षेप्रमाणे मिळालं नाही. गिअर घसरला हे कोड सांगतो, कशामुळे घसरला ते सांगत नाही. ऑईल कमी असेल, सोलेनॉइड (ऑईलचा दाब सोडणारी विजेवरची झडप) अडकत असेल, क्लच प्लेट जळाल्या असतील, स्पीड सेन्सर खोटं बोलत असेल, कोड तोच येणार. कोडवरून थेट ओव्हरहॉलवर उडी मारणं हे निदान नव्हे. पण हे आपल्याकडे सर्रास चालतं. यात सगळा दोष लबाडीचा नसतो. गिअरबॉक्स उघडून आत शोधायला वेळ लागतो, त्या वेळाचे पैसे मागता येत नाहीत, आणि पूर्ण डबा बदलला की वर्कशॉपची जोखीम संपते.

मॅडमना विचारलेला पहिला प्रश्न असा: झटका नेमका कधी बसतो? "कधीही" हे उत्तर सगळेच देतात. मग एकेक करून विचारावं लागतं. सकाळी गाडी काढताना? नाही, सकाळी ठीक असते. रिव्हर्सला? "हो, रिव्हर्स टाकला की गाडी आधी विचार करते आणि मग ढुशी मारते." पुढे जाताना? साधारण तिशी-पस्तिशीच्या वेगाला रेस एकदम वाढते, गाडी ओढत नाही, मग धक्का बसतो. सिग्नलला थांबताना? थांबायच्या जरा आधी कधीकधी. हायवेला? एकदा सुसाट लागली की काही नाही.

या उत्तरांत निदानाचा अर्धा भाग आला होता. कसा ते कळायला गिअरबॉक्सची रचना थोडी सांगावी लागेल. त्याआधी एक खुलासा. आपल्याकडे क्लचचं पेडल नसलेली प्रत्येक गाडी 'ऑटोमॅटिक'. प्रत्यक्षात २०१४ च्या सेलेरिओपासून लोकप्रिय झालेला एएमटी हा साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, क्लच आणि लिव्हर हलवायला त्यावर यंत्रणा बसवलेली असते. सीव्हीटीमध्ये पट्टा आणि पुली, ड्युअल क्लचमध्ये दोन क्लच आणि दोन शाफ्ट. यांचे आजार वेगळे आणि उपायही वेगळे. खाली लिहिलंय ते फक्त टॉर्क कन्व्हर्टर आणि प्लॅनेटरी गिअरवाल्या (मधल्या चाकाभोवती छोटी चाकं फिरणाऱ्या) डब्याबद्दल.

असे सहा गिअरचे बरेच डबे लेपेलेतिए या फ्रेंच अभियंत्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रचनेवर बनतात. झेडएफ या डबे बनवणाऱ्या कंपनीचा सहा गिअरचा डबा २००१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या ७ सिरीजमध्ये आला, तो याच रचनेचा. नंतर कितीतरी लहान गाड्यांत हीच कल्पना पोचली. एक साधा प्लॅनेटरी संच, त्याला जोडून एक राव्हिन्यो संच (दोन प्लॅनेटरी संच एकात गुंफलेला), आणि ते धरायला-सोडायला फक्त पाच घटक: तीन क्लच (के-१ ते के-३) आणि दोन ब्रेक (बी-१, बी-२). कोणत्या गिअरला कोण धरतं ते असं:

पहिला: के-१ (आणि फ्रीव्हील, म्हणजे एकाच दिशेने फिरू देणारा भाग; इंजिन ब्रेकिंग हवं असेल तेव्हा बी-२)
दुसरा: के-१ आणि बी-१
तिसरा: के-१ आणि के-३
चौथा: के-१ आणि के-२
पाचवा: के-२ आणि के-३
सहावा: के-२ आणि बी-१
रिव्हर्स: के-३ आणि बी-२

हा तक्ता मी वर्कशॉपच्या भिंतीवर लावून ठेवलाय. आता मॅडमची तक्रार त्याच्याशेजारी ठेवून पाहा. रिव्हर्स वाईट. तिशी-पस्तिशीला पडणारा गिअर म्हणजे हलक्या पायाने चालवताना दुसऱ्यातून तिसरा, तोही वाईट. दोन्हींत सामाईक कोण? के-३. संशय खरा असेल तर चौथ्यातून पाचव्यात जातानाही गडबड दिसली पाहिजे, आणि ती मॅडमच्या लक्षात आली नसणार, कारण उंच गिअरांमध्ये गुणोत्तरांतलं अंतर कमी असतं आणि धक्का मवाळ लागतो.

तरी आधी सोपी कामं. बॅटरीचा व्होल्टेज, अर्थिंग, गिअरबॉक्सवरचा मोठा कपलर उघडून त्यात ऑईल किंवा पाणी शिरलंय का ते. सगळं कोरडं. ऑईल लेव्हल बघायला या डब्याला डिपस्टिक नाही. गाडी सपाट लिफ्टवर, इंजिन चालू, ऑईलचं तापमान ४० अंशांच्या आसपास आणून खालचा चेक प्लग उघडायचा. बारीक धार आली की लेव्हल बरोबर. तापमान न बघता प्लग उघडणारे महाभाग पुष्कळ आहेत. गरम ऑईल फुगतं, लेव्हल खोटी दिसते. इथे लेव्हल बरोबर निघाली. रंग मात्र गडद तपकिरी, लालपणाचा मागमूस नाही. जळका वास नव्हता. सर्व्हिस बुकात ऑईल बदलल्याची एकही नोंद नाही, कारण बुकात लिहिलेलं 'लाइफटाइम'. कुणाचं लाइफ, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. झेडएफसारखी डबे बनवणारी कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला ऑईल बदला असं सांगते.

मग गाडी बाहेर काढली, स्कॅनर लावून, गरम होऊ दिली. हडपसरच्या संध्याकाळच्या ट्रॅफिकला या कामी तोड नाही.

स्कॅनरवर कोड बघत बसण्यापेक्षा दोन आकडे बघायचे: टर्बाइनचा वेग, म्हणजे गिअरबॉक्समध्ये आत येणारा, आणि आउटपुट शाफ्टचा, म्हणजे बाहेर जाणारा. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की खरं गुणोत्तर मिळतं. या डब्यात दुसरा गिअर २.३७, तिसरा १.५६, चौथा १.१६, पाचवा ०.८६. आउटपुट ९०० वर असताना दुसऱ्या गिअरला टर्बाइन सुमारे २१३० पाहिजे आणि तिसरा पडला की १४०० वर उतरली पाहिजे. गाडी थंड असताना ती तशीच उतरत होती. गरम झाल्यावर २१३० वरून आधी २६०० ला चढली आणि मग धपकन १४०० वर आली. २६०० भागिले ९०० म्हणजे २.८९. असा गिअर या डब्यात नाहीच. बी-१ ने सोडलं आणि के-३ ने अजून धरलं नाही, मधल्या क्षणी गाडी अधांतरी होती, त्याचा हा आकडा.

चौथ्यातून पाचव्यात जातानाही तेच, थोडं कमी. आउटपुट १५०० असताना टर्बाइन १७३० वरून १२९० वर यायची ती मध्येच १९५० ला जाऊन आली. स्कॅनरमध्ये पी ०७३५ हा पाचव्या गिअरचा कोड प्रलंबित दिसत होता. आधीच्या वर्कशॉपच्या कागदावर त्याचा उल्लेख नव्हता.

यातली सगळ्यात बोलकी गोष्ट मात्र उलट दिशेची होती. तिसऱ्यातून चौथा, पाचव्यातून सहावा, तिसऱ्यातून खाली दुसरा: हे बदल लोण्यासारखे. चौथ्यातून खाली तिसरा आणि सहाव्यातून खाली पाचवा: धक्का. म्हणजे के-३ जिथे आत येतो तिथे खोट, जिथे तो बाहेर जातो तिथे काही नाही. मॅडमना सिग्नलच्या आधी जाणवायचा तो चौथ्यातून तिसऱ्यात उतरतानाचा धक्का.

रिव्हर्समध्ये के-३ बरोबर बी-२ पण असतो, म्हणून त्याचीही झाडाझडती घेतली. मॅन्युअल मोडमध्ये पहिला गिअर टाकून उतारावर पाय सोडला. बी-२ धरत नसता तर फ्रीव्हील मोकळं सुटून इंजिन आयडलला आलं असतं. तसं झालं नाही, इंजिनने गाडी व्यवस्थित रोखून धरली. बी-२ सुटला. एनमधून (न्यूट्रल) आरमध्ये (रिव्हर्स) टाकल्यावर गिअर बसायला लागणारा वेळ मोजला; जपानी मॅन्युअलांत गरम ऑईलवर दीड सेकंदाच्या आत अशी मर्यादा असते, इथे अडीचच्या पुढे जात होता. एनमधून डीमध्ये (ड्राइव्ह) टाकल्यावर मात्र सेकंदाच्या आत गिअर बसत होता. डीला पहिला गिअर, तिथे के-३ चं कामच नाही.

स्टॉल टेस्ट, म्हणजे ब्रेक घट्ट दाबून पूर्ण अॅक्सिलरेटर, मी रिव्हर्समध्ये केली नाही. पुस्तकात आहे, पाच सेकंदांच्या वर करू नये असंही पुस्तकात आहे. पण ज्या क्लचवर संशय आहे त्यालाच पूर्ण ताकदीने घसरवून बघण्यात शहाणपण नाही. चांगला असेल तर बिघडेल, बिघडलेला असेल तर जळेल.

आता खरा प्रश्न. के-३ क्लच खराब, की के-३ ला दाब पोचवणारी यंत्रणा खराब? पहिलं असेल तर डबा उतरवून उघडावाच लागणार आणि ओव्हरहॉलचं अंदाजपत्रक निदान दिशेने तरी बरोबर ठरणार. दुसरं असेल तर वॉल्व्ह बॉडी, म्हणजे क्लचकडे ऑईलचा दाब वाटणारा वॉल्व्हचा ठोकळा, डब्याखालचं ऑईलचं चेंबर काढून खालूनच निघते, डबा गाडीतच राहतो. पैशांतला फरक चौपटीपेक्षा जास्त.

त्याचं उत्तर दिवे घाटाने दिलं. जळालेल्या प्लेटचा क्लच एकदा बसल्यावरही जोर आला की घसरतो. उशिरा भरणारा क्लच बसेपर्यंत घसरतो, बसल्यावर मात्र पक्का धरतो. म्हणून मॅन्युअल मोडमध्ये तिसरा धरून ठेवून, पाऊण अॅक्सिलरेटरवर, मोकळ्या रस्त्यावर चढ चढवला. टर्बाइन ३५०० ला आउटपुट २२५० च्या आसपास. गुणोत्तर १.५५ ते १.५६, वळणागणिक तेवढंच. ऑईल ९५ अंशांना, चढ पूर्ण, आणि क्लच तसूभर घसरत नाही. त्याच्या प्लेट जळालेल्या असणं शक्य नव्हतं.

खाली आल्यावर कंट्रोल युनिटची अॅडाप्टेशनची मूल्यं काढली. क्लच झिजतो तसं युनिट त्याला भरायचा दाब आणि वेळ हळूहळू वाढवत जातं, त्याचा हा हिशेब. बाकीच्या चारही घटकांची मूल्यं मधोमध, के-३ ची मात्र वरच्या टोकाला टेकलेली. बिचाऱ्या युनिटला जेवढं सावरता येत होतं तेवढं त्याने सावरून झालं होतं. सकाळी थंड ऑईल घट्ट असतं तेव्हा भागायचं, गरम झाल्यावर पातळ ऑईल कुठूनतरी निसटायचं.

कुठून, याचे तीन मार्ग: के-३ चं दाब नियंत्रित करणारं सोलेनॉइड, त्याच्या मागची वॉल्व्ह ज्या भोकात सरकते ते भोक झिजलेलं असणं, किंवा क्लच ड्रमच्या आतली सीलं. तिसरा निघाला तर डबा उतरवून उघडावा लागणार होता. हे मॅडमना आधीच सांगितलं. "म्हणजे चेंबर काढल्यावर कळेल?" हो. "आणि तेव्हा डबाच काढायचा निघाला तर चेंबर काढल्याचे पैसे?" ते मजुरीचे द्यावे लागतील, ऑईलचे नाही, कारण ऑईल डबा उघडला तरी लागणारच. त्यांनी हो म्हटलं. गिऱ्हाइकाला असा हिशेब आधी दाखवला की नंतरचा निम्मा वाद मिटतो.

चेंबर उतरलं. मॅग्नेटवर करड्या रंगाची दाट पेस्ट, एवढ्या किलोमीटरला आणि कधीच न बदललेल्या ऑईलला शोभेल इतकी. चकाकणारे तुकडे नाहीत, प्लेटच्या काळ्या अस्तराचे पापुद्रे नाहीत. ऑईलचा एक थेंब पांढऱ्या कागदावर पसरू दिला, त्यातही काळा गाळ जवळपास नव्हता. घाटात मिळालेल्या उत्तराशी हे जुळत होतं.

वॉल्व्ह बॉडी काढल्यावर डब्यात प्रत्येक क्लचकडे जाणारं भोक उघडं पडतं. तिथे कोरडी हवा साधारण तीन बारला द्यायची आणि कान लावायचा. के-३ च्या भोकात हवा दिल्यावर आतून स्पष्ट 'ठक' आलं, म्हणजे पिस्टन सरकून प्लेटना भिडला. त्यानंतर फुसफुस जवळपास नाही. तुलनेसाठी के-१ आणि बी-१ ला हवा देऊन पाहिली, आवाज तोच. सीलं ठीक. डबा गाडीतून उतरवायचं कारण इथे संपलं.

सोलेनॉइड मोजलं. या प्रकारच्या दाब-नियंत्रक सोलेनॉइडचा रोध थंड असताना सुमारे ५ ओहम असतो, तेवढाच आला. रोध बरोबर म्हणजे सोलेनॉइड निर्दोष असं मात्र नाही. आतला काटा अडखळत असला तरी तांब्याच्या वेटोळ्याचा रोध बदलत नाही. एवढ्यावरून त्याला सोडून देणारे बरेच जण गाडी परत बोलावतात.

शेवटी व्हॅक्यूम टेस्ट. वॉल्व्ह बॉडी अॅल्युमिनिअमची, तिच्या भोकांत वॉल्व्ह वर्षानुवर्षं पुढेमागे घासत राहतात. गढूळ ऑईलमधले बारीक कण तिथे पॉलिश पेपरचं काम करतात. भोकाचं एक तोंड बंद करून दुसरीकडून व्हॅक्यूम ओढायचा आणि किती टिकतो ते बघायचं. शेजारच्या भोकांत मीटरचा काटा चांगला वर राहिला. के-३ च्या रेग्युलेटर वॉल्व्हच्या भोकात तो चढतच नव्हता. वॉल्व्ह बाहेर काढून उजेडाला धरली तर भोकाच्या एका बाजूला घासल्याची चमकती पट्टी डोळ्यांना दिसत होती. दाब इथूनच गळत होता, आणि ऑईल गरम झालं की जास्त.

उपाय दोन होते. भोक रीम करून (कापून जरा मोठं करून) त्यात मोठ्या मापाची वॉल्व्ह बसवायची, किंवा तपासून दिलेली पुनर्निर्मित वॉल्व्ह बॉडी बसवायची. पहिला स्वस्त, पण रीमिंगचं जिग आणि ते चालवणारा हात दोन्ही पाहिजेत, आणि सोलेनॉइडं जुनीच राहतात. एक भोक झिजलंय तर बाकीची त्याच ऑईलमध्ये तेवढीच वर्षं होती. मी दुसरा सुचवला. मॅडमचा रोजचा घाट आहे, गाडी अजून चार-पाच वर्षं वापरायची आहे. गाडी विकायचीच असती तर कदाचित वेगळं सांगितलं असतं.

जुन्या ऑईलचा कचरा नव्या वॉल्व्ह बॉडीत जाऊ नये म्हणून कूलर आणि त्याचे पाइप वेगळे धुतले, फिल्टर बदलला, मॅग्नेट पुसून पुन्हा चेंबरमध्ये बसवले. ऑईल कंपनीच्या ठरलेल्या दर्जाचंच. 'एटीएफ' (ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड) असं लिहिलेलं कोणतंही लाल ऑईल चालतं हा समज महागात पडतो, क्लचची घसरण-पकड त्यातल्या रसायनांवर ठरते. डब्यात एकूण सुमारे ७ लिटर मावतं, पण चेंबर काढल्यावर निम्मंच निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून थोडं चालवून पुन्हा एकदा ऑईल सोडलं आणि भरलं. लेव्हल पुन्हा ४० अंशांनाच.

त्यानंतर अॅडाप्टेशन शून्यावर आणलं. ही पायरी टाळली तर नव्या वॉल्व्ह बॉडीला युनिट जुन्या गळक्या हिशेबाने दाब देतं आणि धक्के पूर्वीपेक्षा वाढतात. मग 'नवीन पार्टही खराब निघाला' म्हणून बोंब होते. शून्य केल्यावर युनिटला शिकवायला हलक्या पायाने सगळे गिअर वरखाली, थांबून आर आणि डी, पुन्हा चालवणं, असं ऑईल गरम असताना करावं लागतं. पहिले काही बदल जरा कोरडे वाटले, नंतर बसत गेले.

परत संध्याकाळचं हडपसर. आउटपुट ९००, टर्बाइन २१३० वरून सरळ १४०० वर. चौथ्यातून पाचवाही वर न चढता. रिव्हर्स सेकंदाच्या आत, आणि ढुशी नाही. रिव्हर्स टाकताना बॉडीला जाणवणारी एक हलकी थरथर राहिली होती. ती गिअरबॉक्सची नव्हती. पहिल्या वर्कशॉपने फाटलेलं फाउंडेशन बदललं होतं, पण इंजिनला हिसका खाऊ न देणाऱ्या खालच्या टॉर्क रॉडचं रबर तसंच ठेवलं होतं. तो रॉड बदलला आणि थरथर गेली.

मॅडमना गाडी देताना सर्व्हिस बुकात 'लाइफटाइम'च्या शेजारी पेनाने पुढच्या ऑईलचं किलोमीटर लिहून दिलं: ५० हजारांनंतर. काही महिन्यांनी साध्या सर्व्हिसला आली तेव्हा के-३ चं मूल्य पुन्हा काढून पाहिलं, ते मधोमध होतं. के-१ चं किंचित वर सरकलंय. पहिल्या चारही गिअरांत तोच राबतो, त्यामुळे सध्या काळजीचं काही नाही. पुढच्या ऑईलच्या वेळी ते पुन्हा काढायचं, अशी नोंद जॉबकार्डावर केली आहे.